आप्पांचं सत्तर नंबर मशीन

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ आलं. किनाऱ्याला ते लागलं वर, अलिबागच्या दक्षिणेला, पण दापोली-मंडणगडची किनारपट्टीही त्याच्या तावडीतून सुटली नाही. आमची वाडी आंजर्ल्याच्या बाजूला. संध्याकाळी वारा पडला आणि मागचं दार ढकललं तर ते उघडेना. बाहेरून अख्खा माड दाराला आडवा पडला होता. पुढच्या खळ्यातून वळसा घालून वाडीत गेलो. पोफळी कमरेतून मोडून एकीवर एक पडलेल्या. जिथे ऐन दुपारीही ऊन जमिनीला टेकत नसे, तिथे मोकळं आभाळ दिसत होतं. आणि गोठ्यामागचा बरका फणस, माझ्या आजोबांनी लावलेला, मुळांसकट उपटून गोठ्याच्या आढ्यावर रेलला होता. गाय सकाळीच पडवीत आणून बांधली होती म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला एकच गोष्ट हवी होती, कटर, म्हणजे लाकूड कापायचा पेट्रोलवरचा चेनसॉ. ज्यांच्याकडे तो होता ते पाखाड्या आणि रस्ते मोकळे करण्यात गुंतले होते. आमच्याकडे मशीन होतं, पण पडवीच्या माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेलं. 2018 मध्ये थोरले काका, म्हणजे आमचे आप्पा, गेले, त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता.

हे मशीन म्हणजे स्टिल या जर्मन कंपनीचं 070. लाकडाच्या धंद्यातली जुनी माणसं त्याला नुसतं ‘सत्तर नंबर’ म्हणतात. 106 सीसीचं इंजिन, म्हणजे एखाद्या स्कूटरएवढं, आणि ते दोन हातांत धरून चालवायचं. आप्पांनी 1987 मध्ये चिपळूणकडच्या एका लाकूड ठेकेदाराकडून ते जुनंच घेतलं होतं. म्हणजे आमच्या घरात येण्याआधीच त्याने किती ऐन-किंजळ कापले असतील, देव जाणे. प्लास्टिक त्यात जवळजवळ नाहीच. आप्पांच्या हाताने झिजून मागच्या मुठीचा रंग गेला आहे आणि आतलं धातू गुळगुळीत झालं आहे.

माळ्यावरून काढलं, टाकीचं झाकण फिरवलं. पेट्रोलचा वासच नाही. वार्निशसारखा उग्र, शिळा वास आला. तळाशी मधासारखा तपकिरी चिकटा. तो ओतून टाकला, टाकी ताज्या पेट्रोलने दोनदा खळखळून धुतली आणि पेट्रोल-ऑइलचं नवीन मिश्रण भरलं. दोरी ओढली. वीस-पंचवीस झटके मारले, खांदा भरून आला, मशीन मात्र एकदाही खोकलं नाही.

तेव्हा मी थांबलो आणि आप्पा करायचे ते आठवलं. ते कधीही नुसती दोरी ओढत बसले नाहीत. आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल. प्लग काढला, टोपीत अडकवून सिलिंडरच्या पाखांना टेकवला, दोरी ओढली. ठिणगी नाही. प्लग घासून पुसून पुन्हा पाहिलं, तरी नाही. म्हणजे दोष आत, फ्लायव्हीलच्या मागे. ते उघडायला माझ्याकडे पुलर नव्हता.

तिसऱ्या दिवशी दापोलीचा रस्ता जेमतेम सुटला. मशीन मोटारसायकलवर बांधलं आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. हे मूळ स्कूटरचे कारागीर. लँब्रेटा आणि बजाजवर त्यांचं आयुष्य गेलेलं. आप्पा त्यांच्याकडेच जायचे. त्यांनी मशीन ओळखलं, मला नंतर.

“आप्पांचं ना हे? ह्याला काही झालेलं नाही. पेट्रोल ठेवून मारलंत तुम्ही ह्याला.”

फ्लायव्हील निघालं. माझ्या मशीनला जुन्या पद्धतीचे सीबी पॉइंट (उघडमीट करून ठिणगी पाडणारी धातूची जोडी) आहेत, स्कूटरला असायचे तसेच. दोन वर्षांच्या खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर राखाडी साय धरली होती. मिस्त्रींनी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी मधून दोनदा ओढली, कागदाच्या कोऱ्या कपट्याने पुसून घेतलं, फिलर गेजचं पान घालून फट लावली. प्लग टेकवून दोरी ओढली आणि टच् आवाज करत निळी ठिणगी पडली. एवढंच होतं ते. आजच्या मशीनमध्ये त्या जागी बंद डबी असते. ती बिघडत नाही हे खरं, पण बिघडली तर नवी आणावी लागते, आणि लॉकडाऊनमध्ये दापोलीत ती कुठून येणार होती?

ठिणगी आली तरी मशीन चालेना. मिस्त्रींनी प्लगच्या भोकात चहाच्या चमच्याने चार थेंब पेट्रोल सोडलं, प्लग बसवला, दोरी ओढली. मशीन फाड्‌फाड्‌ करून दोन सेकंद चाललं आणि मेलं. “बघा,” ते म्हणाले, “दिलं तर खातंय. ह्याचं तोंड बंद आहे.” ही परीक्षा मी तेव्हापासून प्रत्येक रुसलेल्या मशीनला लावतो. थेंबभर पेट्रोलवर क्षणभर चाललं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक आहे, दोष कार्बोरेटरकडे.

कार्बोरेटर उघडला तर आतला डायफ्राम, जो पापडाच्या लाटीसारखा लवचीक असायला हवा, तो तळलेल्या पापडासारखा कडक झाला होता. चेनसॉच्या कार्बोरेटरला स्कूटरसारखा फ्लोट नसतो, कारण मशीन आडवं, तिरकं, कसंही धरून चालवायचं असतं. इंजिनच्या श्वासाने हा पातळ पडदा वरखाली होतो आणि तोच पेट्रोल ओढतो. पडदा कडक झाला की सगळं थांबलं. मिस्त्रींनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात अशाच एका मेलेल्या सत्तर नंबरचे अवयव होते आणि एका कोपऱ्यात डायफ्रामचा न उघडलेला संच. जुनं मशीन टिकतं त्याचं एक कारण मला त्या डब्यात दिसलं. हे मॉडेल लाकडाच्या धंद्यात इतकं चाललं की त्याचे सुटे भाग अजूनही कुणाच्या ना कुणाच्या डब्यात सापडतात.

निघताना त्यांनी बजावलं, “ह्याला पंचवीसला एक. लिटरला 40 मिली टू-टी ऑइल. नव्या मशीनचं पन्नासला एक ऐकून ह्याला 20 मिली घालाल तर पिस्टन जाम होईल.” नव्या मशीनना, नव्या प्रतीच्या ऑइलवर, पन्नासला एक चालतं. जुन्याला त्याच्या जन्माच्या वेळचं प्रमाण देणंच बरं. थोडा धूर जास्त होतो, तो मी सोसतो.

घरी आलो. दारातला माड कापायला घेतला. मशीन जोरात चालत होतं, पण बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, खोडात शिरेना. धूर निघायला लागला, जळका वास यायला लागला, आणि खाली पिठासारखा भुसा पडायला लागला. त्या पिठाकडे बघताना आप्पांचं वाक्य जसंच्या तसं कानात आलं: “भुसा बघायचा रे. पीठ पडलं की थांबायचं, खवलेल्या नारळासारखा पडला की चालू ठेवायचं.”

मशीन जुनं की नवं, 50 सीसी की 106, याने फार फरक पडत नाही. लाकूड कापते ती चेन. बोथट चेन घेऊन माणूस मशीनवर जोर देतो, मशीन तापतं, बार झिजतो, हात दुखतात, आणि शेवटी माणूस म्हणतो की मशीन म्हातारं झालं. मी त्या दिवशी मशीन बंद केलं, ओट्यावर बसलो आणि कानस हातात घेतली.

माझ्या चेनचा पिच .404 इंची आहे. (लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं, तो पिच. नवी चेन घेताना दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका.) तिला 5.5 मिलिमीटरची गोल कानस लागते. लहान मशीनवर नेहमी दिसणाऱ्या .325 च्या चेनला 4.8 ची. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची आणि परत येताना उचलून आणायची. मागेपुढे घासली तर कानसही जाते आणि धारही. दाताच्या वरच्या पात्यावर 30 अंशांची खूण कोरलेली असते, कानस तिला समांतर धरायची. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. सगळ्यात झिजलेला दात शोधायचा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे, नाहीतर बार सरळ न जाता एका अंगाला वळतो. आप्पा प्रत्येक दाताला तीन हात द्यायचे आणि ओठांतल्या ओठांत मोजायचे. मीही मोजतो. दात नीट झाला की नाही हे मी डोळ्यांनी ठरवतो. धारेवर उजेडाची पांढरी रेघ दिसली तर ती अजून बोथट आहे. धारदार कडेवर उजेड थांबत नाही.

एक गोष्ट मात्र मी बरीच वर्षं चुकीची करत होतो. दातापुढे जो छोटा उंचवटा असतो, तो दात लाकडात किती खोल जाणार हे ठरवतो. दात घासून घासून खाली येतो आणि हा उंचवटा तसाच राहिला तर दात लाकडापर्यंत पोचतच नाही. धार लखलखीत, तरी पीठच पडतं. तो सपाट कानशीने उतरवावा लागतो, माझ्या चेनला दातापेक्षा साधारण पाऊण मिलिमीटर खाली. जास्त उतरवला तर मशीन झटके देतं आणि हातातून निसटायला बघतं. त्यासाठी पत्र्याचं छोटं गेज मिळतं. ते घ्याच.

या दाताचा शोध लागला तो एका अळीमुळे. 1946 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका खुंटात भुंग्याची अळी पाहिली. ती उभ्या-आडव्या रेषांची पर्वा न करता, जबड्याच्या डाव्या-उजव्या पात्यांनी लाकूड सरसर पोखरत होती. त्याने ते जबडे पोलादात उतरवले. आज जगभर चालते ती चेन मुळात तीच. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्या माडांचा सोंड्या भुंगा आठवला. त्याच्या अळ्यांनी पोखरलेल्या खोडाला कान लावला तर आतून कुरकुर ऐकू येते. त्या किड्याने आमचे किती माड खाल्ले, आणि त्याच्याच जातीच्या दुसऱ्या कुणाचा जबडा माझ्या मशीनवर फिरतो आहे.

धार लावून पुन्हा माडावर गेलो. खवलेला नारळ पडायला लागला. पण माड हे चेनचं वैरी झाड. बाहेरची साल आणि तिच्यालगतचा भाग चिवट आणि कठीण, आत मात्र भुसभुशीत, पाण्याने भरलेला. ओले तंतू चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटच्या झाकणाखाली काथ्यासारखे गच्च बसतात. आणि समुद्राकाठच्या आडव्या खोडांवर वाळू असतेच. वाळू एकदा चेनला लागली की धार गेली. मी कापण्याआधी खोडावर दोन बादल्या पाणी मारायला लागलो. तरी दर दोन टाक्यांना कानस लागायचीच.

गोठ्यावरच्या फणसाला मी पाच दिवस हात लावला नाही. एक तर पंचनामा व्हायचा होता, त्यासाठी फोटो काढून ठेवले. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडं 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत. उभं झाड तोडायला परवानगी लागते, आणि ती घेतल्याशिवाय मी कोणाच्याही झाडाला मशीन लावत नाही. पण खरं कारण वेगळं होतं. मला त्या झाडाची भीती वाटत होती.

पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त धोक्याचं असतं. ते स्वस्थ पडलेलं दिसतं, पण प्रत्येक फांदी कुठेतरी ताणलेली, कुठेतरी दबलेली असते. वाकवलेल्या बांबूसारखी. ताणाच्या बाजूने आधी कापलं तर फांदी उभी चिरते किंवा फटकन उडते. दाबाच्या बाजूने खोल कापलं तर फट मिटते आणि बार आत अडकतो. म्हणून आधी दाबाच्या बाजूने थोडं, साधारण एक तृतीयांश, मग ताणाच्या बाजूने त्याला भेटेपर्यंत. मी प्रत्येक फांदीभोवती फिरून आधी ठरवायचो की ही सुटली तर कुठे जाईल, आणि मी तिथे नसेन.

आमच्याकडे कामाला येणारे दोन गडी आणि माझा पुतण्या. शेंड्याकडून सुरुवात केली. बारीक फांद्या कोयत्याने, जाड मशीनने. गोठ्यावरचा भार एका वेळी थोडाथोडा उतरवला, खाली किंजळीचे टेकू देत. फणस कापताना चीक गळतो, आणि चेन, बार, स्प्रॉकेट सगळं रबर लावल्यासारखं चिकट होतं. रॉकेलचा बोळा ठेवलेला, दर टाकीला पुसत होतो. हाताला खोबरेल. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं. दुपारपर्यंत माझे पाय, बूट, पायऱ्या सगळं पिवळं झालं होतं.

सगळ्यात शेवटी बुंधा. उपटलेल्या झाडाचा मुळांचा गड्डा माझ्या उंचीएवढा उभा होता, मातीसकट. त्याच्या मागे मोठा खड्डा. अशा गड्ड्यापासून खोड वेगळं केलं की वजनाचा तोल जातो आणि गड्डा परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कोणी उभं असेल तर संपलं. पोरांना तो खड्डा खेळायला सापडला होता. मी त्या दिवशी आईला खळ्यात खुर्ची टाकून बसवलं, फक्त पोरं मागे येत नाहीत ना हे बघायला. शेवटचे दोन इंच राहिले तेव्हा मशीन हळू केलं. खोड करकरलं, खाली बसलं, आणि गड्डा धप्पकन आपल्या जागी उभा राहिला. अंगणातली माती हादरली. पुतण्या नुसता बघत राहिला. गोठ्याची नवी तुळई त्याच खोडाची केली.

या मशीनचं मला प्रेम आहे, पण एक सांगितलं पाहिजे. माझ्या मशीनला चेन ब्रेक नाही. बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून माणसाच्या तोंडाकडे येतं, आणि ते डोळ्याच्या पापणीएवढ्या वेळात येतं. 1970 च्या दशकापासून मशीनना ब्रेक यायला लागले ते याचसाठी. मी टोकाने कधीच कापत नाही, खांद्याच्या वर मशीन उचलत नाही, डावा अंगठा पुढच्या दांड्याखाली वळलेला ठेवतो, आणि शिडीवर हे मशीन नेत नाही. कोणी मला विचारलं की असलं जुनं घेऊ का, तर मी सांगतो, जुनं जरूर घ्या, पण ब्रेक असलेलं घ्या. दर टाकीनंतर अर्धा तास बसतोही. या मशीनचं थरथरणं थेट हाडात जातं. आप्पांच्या बोटांना शेवटी शेवटी थंडीत मुंग्या यायच्या, बोटं पांढरी पडायची.

आता अलीकडचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 2022 पर्यंत दहा टक्के आणि 2025 मध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही. ठरावीक मर्यादेबाहेर पाणी आलं की ते इथेनॉलला घेऊन वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. मशीनचा पाइप ओढतो तळाचं. म्हणजे इंजिनला ऑइलशिवायचा घोट जातो.

मी घरी एका खुणांच्या काचेच्या बाटलीत 100 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घालून हलवून पाहिलं. थोड्या वेळाने थर बसले. खाली 10 मिली पाणी असायला हवं होतं, तिथे 30 च्या आसपास थर दिसला. मधला सगळा इथेनॉल. पुतण्याला दाखवलं. तेव्हापासून एका दिवसाला लागेल तेवढंच मिश्रण करतो. काम संपलं की टाकी ओतून घेतो, आणि मशीन चालू ठेवून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबतो, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा. जुना पेट्रोलचा पाइप गेल्या वर्षी फुगून मऊ पडला होता, तो बदलला. एक डायफ्राम संच कायम डब्यात ठेवतो.

चेनला आप्पा गाडीचं जळकं ऑइल घालायचे. मी सोडलं. त्यात इंजिनातला धातूचा कीस असतो, बार त्याने झिजतो, आणि ते कपड्यांवर, कातडीवर उडत राहतं. बार मात्र त्यांच्याच पद्धतीने दर दोन-तीन धारांनंतर उलटा करून बसवतो, म्हणजे खालची कडच सारखी झिजत नाही.

सध्या मशीन बंद आहे. मेमध्ये सुरूचं झाड कापताना लक्षात आलं की गरम झालं की रेस आपोआप वाढते आणि खाली येत नाही. याचा अर्थ कुठूनतरी हवा शिरते आहे, बहुतेक क्रँकच्या सीलमधून. हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं चाललं तर पिस्टन ओरखडतो, म्हणून त्याच क्षणी बंद केलं. जुनं सील व्हर्नियरने मोजून चिपळूणच्या बेअरिंगच्या दुकानातून तेच माप आणलं. मिस्त्रींचे डोळे आता काम देत नाहीत. ते शेजारी बसून सांगणार आहेत आणि पुतण्या बसवणार आहे, गणपती झाल्यावर. तोवर मशीन पडवीत आहे, माळ्यावर नाही. टाकी कोरडी, झाकण सैल, चेन ऑइलच्या डबीत.